आमच्यातल्या आमच्यात

लुव्हेनिया मॅनिगोला ड्रुसिला गॅड्सडेनचा हेवा वाटायचा, आणि हे आमच्या गावात कोणाला सांगावं लागत नसे. लपवायचा प्रयत्न तिने पुष्कळ केला. पण हेवा लपवणाऱ्या माणसाची एक पंचाईत असते. ज्याचा हेवा वाटतो त्याचं नाव निघालं की तो जरा जास्तच गोड बोलायला लागतो. ड्रुसिलाचं नाव निघालं की लुव्हेनिया म्हणायची, "हो हो, फार हुशार बाई! देव तिचं भलं करो," आणि समोरचा माणूस मनातल्या मनात हसायचा.

तिचा नवरा हर्मन पोस्टात होता. तो मनातल्या मनात हसत नसे, तोंडावर हसे. "देवाला तू इतक्यांदा तिचं भलं करायला लावलंस," तो म्हणायचा, "की तुझ्याकडे बघायला त्याला सवडच राहिली नाही."

लुव्हेनिया एबेनेझर कॉलेजच्या ग्रंथालयात सत्तावीस वर्षं पुस्तकांच्या नोंदी करत होती. एबेनेझर म्हणजे काळ्यांचं छोटंसं कॉलेज, गुलामी संपल्यावर दोन पाद्र्यांनी एका तबेल्यात सुरू केलेलं. सातशे मुलं, एक चॅपेल, एक दणदणीत बँड आणि पावसात तीन ठिकाणी गळणारी विज्ञानाची इमारत. पगार तिला नोंदींचा मिळे, पण गाव तिला ओळखायचं ते क्विझच्या संघामुळे. दर मंगळवारी आणि गुरुवारी चार वाजता ग्रंथालयाच्या तळघरात ती चार मुलांना बझरसमोर बसवायची आणि बुटांच्या खोक्यांतून कार्डं काढून प्रश्न वाचायची. सगळी कार्डं तिच्या हातची, अकरा हजारांच्या वर. उपाशी पोरांचं डोकं चालत नाही असं तिचं ठाम मत होतं, म्हणून घरून टोमॅटो-सॉसेज घातलेला लाल भात यायचा, मोठं पातेलंभर. उत्तर चुकलं तरी भात मिळायचा. पण त्याबरोबर तिची एक नजर मिळायची, आणि ती भातापेक्षा जास्त दिवस पुरायची.

एप्रिलमध्ये देशभरातल्या काळ्या कॉलेजांची स्पर्धा असते. फक्त काळ्या कॉलेजांची. लुव्हेनियाचं सगळं वर्ष त्या चार दिवसांकडे डोळे लावून बसलेलं असे. एबेनेझर तिथे शेवटच्या आठांत कधी पोचलं नव्हतं. एकदाच अगदी दारापर्यंत गेलं होतं, ब्याण्णव साली, आणि ते कोणामुळे हुकलं हे लुव्हेनियाला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं. स्वतःमुळेच.

तेव्हा ती आणि ड्रुसिला दोघी एबेनेझरच्या विद्यार्थिनी, एकाच टेबलाला खेटून बसायच्या. ड्रुसिला कर्णधार होती. शेवटचा प्रश्न आला तेव्हा दोन्ही संघ बरोबरीत होते. प्रश्न वाचणाऱ्याने सुरुवात केली, "१८६२च्या मे महिन्यात, भल्या पहाटे, कप्तानाची गवती टोपी डोक्यावर चढवून—" लुव्हेनिया मूळची ब्यूफर्टची. यादवी युद्धात, गुलामी टिकवायला लढणाऱ्या बंडखोरांची आगबोट त्यांच्याच तोफांसमोरून पळवून नेणारा हा गुलाम तिच्याच गावचा, आणि त्याची गोष्ट तिकडे पोरांना दुधाबरोबर पाजतात. तिने बझर दाबला आणि त्याच श्वासात ओरडली, "रॉबर्ट स्मॉल्स!" उत्तर बरोबर होतं. पण नियम असा, की बझर दाबल्यावर वाचणारा आधी तुमचं कॉलेज आणि नाव पुकारतो आणि मगच तोंड उघडायचं. त्याआधी दिलेलं उत्तर दिल्यासारखं धरत नाहीत. समोरच्या संघातल्या मुलाने बझर दाबला, स्वतःचं नाव शांतपणे पुकारू दिलं, आणि लुव्हेनियाच्या तोंडून ऐकलेलं उत्तर तिलाच ऐकवलं.

ड्रुसिला चिडली असती तर बरं झालं असतं. ती चिडली नाही. तिने लुव्हेनियाच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "जाऊ दे गं व्हीनी. तुझ्या गावचाच माणूस होता." तो चांगुलपणा लुव्हेनियाला आयुष्यभर पचला नाही. त्याच उन्हाळ्यात ड्रुसिला शिष्यवृत्ती घेऊन राज्याच्या मोठ्या विद्यापीठात गेली. तिथल्या संघातून खुल्या स्पर्धेत उतरली, गोऱ्या-काळ्या सगळ्या देशाविरुद्ध, आणि कप घेऊन आली. पुढे तिथेच प्राध्यापक झाली, क्विझ संघाची प्रमुख झाली. लुव्हेनियाला तिचं सगळंच डोळ्यांत खुपायचं. बारीक कापलेले पांढरे केस तिला शोभायचे, ते खुपायचं. वर्षातून एकदा गावी आली की चर्चमध्ये लोक बाक सोडून तिच्याभोवती गोळा व्हायचे, ते खुपायचं. तिच्या लाल भातात मीठ कधी कमी-जास्त होत नसे, तेसुद्धा खुपायचं.

एकच वस्तू ड्रुसिलाजवळ नव्हती. एप्रिलचा कप, आपला. तो लुव्हेनियाला एकदा, एकदाच हवा होता. मग डोळे मिटले तरी चालतील, असं ती म्हणायची.

"छे!" हर्मन म्हणायचा. "ड्रुसिलाला दाखवल्याशिवाय तू कसली डोळे मिटतेस!"

आणि मग एका ऑगस्टमध्ये केझाया फ्रिप आली. ब्यूफर्टजवळच्या सेंट हेलेना बेटावरची, शाळेची बस चालवणाऱ्या बाईची मुलगी, रसायनशास्त्र शिकायला आलेली. बोलणं जेमतेम. प्रश्न ऐकताना ती कानाची पाळी ओढत बसायची, आणि पाळी सोडली की उत्तर आलंच म्हणून समजायचं. पहिल्याच आठवड्यात तिने लुव्हेनियाच्या एका कार्डातली चूक दाखवली, तीही अशी हळू आवाजात की दुसऱ्या कोणाला कळू नये. लुव्हेनियाने त्या दिवसापासून पातेल्याच्या तळाचा खरपूस भात तिला वाढायला सुरुवात केली. हा मान तोवर कोणाला मिळाला नव्हता. लुव्हेनियाला मूलबाळ नव्हतं. वर्षभरात ती पोरगी तिच्या जिवाचा तुकडा होऊन बसली, आणि वर्षभरात संघ असा तयार झाला की येत्या एप्रिलबद्दल लुव्हेनिया मोठ्याने काही बोलेनाशी झाली. दृष्ट लागायची भीती.

ऑक्टोबरात कॉलेजचा स्थापना दिवस आला आणि पाहुणी म्हणून अध्यक्षांनी बोलावलं ते नेमकं ड्रुसिलाला.

"कपाटातून मोठी टोपी काढलीस!" हर्मन सकाळी म्हणाला. "कोण गेलं?"

"कोणी नाही. ड्रुसिला येतेय."

"म्हणजे जाणारी तूच."

चॅपेल भरलेलं होतं, गरमी होती, लोक हातातले पंखे हलवत होते. ड्रुसिला कागद न घेता बोलली. तेही खुपलंच. "मी इथली आहे म्हणून बोलते," ती म्हणाली. "दारं बंद होती तेव्हा आपण आपलं वेगळं टेबल मांडलं, चांगलं केलं. आता दार उघडं आहे. तरीही आपण आपल्या मुलांना आपल्याच मुलांशी खेळवतो आणि त्यांना कप देतो. त्यातून ती काय शिकतात? की बाळांनो, तुमची धाव इथवरच. मला विचाराल तर हे वेगळं टेबल उचलायची वेळ झाली आहे." दोघेतिघे 'आमेन' म्हणाले. बाकीच्यांचे पंखे जरा जोरात हलायला लागले.

लुव्हेनियाच्या अंगाचा तिळपापड झाला. आणि सगळ्यात जास्त राग याचा आला, की हा विचार एखाद्या रिकाम्या दुपारी तिच्याही मनात डोकावून गेलेला होता.

जेवणात तळलेले मासे आणि कोलार्डची पालेभाजी होती. लुव्हेनिया ताट घेऊन मुद्दाम ड्रुसिलासमोर जाऊन बसली.

"भाषण छान झालं हं. देव तुझं भलं करो."

"त्यापेक्षा सरळ शिव्या दे ना."

"बरं, ऐक मग. दार उघडं आहे म्हणतेस. गेल्या वर्षीच्या तुमच्या खुल्या स्पर्धेचं चित्रण मी पूर्ण बघितलं. छत्तीस संघ. आपले चेहरे किती? पाच! त्यातले दोन तुझ्याच संघातले."

"म्हणून तर म्हणते, या ना! तुम्ही आलात की पाचाचे पंधरा होतील."

"येऊन काय करू? तिकडची पोरं सातवीपासून बझर दाबतात, शाळेत त्यासाठी वेगळा मास्तर असतो. माझं पोरगं बझर आयुष्यात पहिल्यांदा बघतं ते माझ्या तळघरात. सकाळी चार सामने हरायचे आणि दुपारी गाडीत बसून परत यायचं. दुसऱ्या वर्षी कोण येईल गं?"

"हरल्याशिवाय कोणी शिकलंय?"

"हरतात की माझी. दर एप्रिलला हरतात. पण तिथे समोर बसलेला त्यांच्यासारखा दिसतो, वाचणारा त्यांच्यासारखा दिसतो, आणि हरल्यावर सगळे एका टेबलावर जेवतात. तिथे ती नुसती हरतात. घरी जाताना असं वाटत नाही की आपली सगळी जातच हरली."

ड्रुसिलाने काटा खाली ठेवला. "आणि जिंकतात तेव्हा? तेव्हा बाहेरचे म्हणतात, हां, आपापसांत जिंकले. ते शेपूट मला माझ्या नावामागे नको होतं, व्हीनी. म्हणून गेले मी."

"बाहेरचे म्हणोत. आपण कशाला म्हणायचं? आपल्या कपाला जो लहान म्हणतो तो त्या पोरांना लहान म्हणतो. माझ्यासमोर कोणी म्हणून बघावं!"

आजूबाजूच्या टेबलांवरचे लोक खाणं थांबवून ऐकत होते. लुव्हेनियाला बरं वाटलं. ड्रुसिलासमोर शेवटचं वाक्य आपलं असण्याचा योग तिला क्वचितच आलेला होता.

दुपारी मैत्रीपूर्ण सामना होता. ड्रुसिला आपल्या चौघांना बरोबर घेऊन आलेली होती. आमच्याकडे सामन्याआधी हजेरी होते. वाचणारा कॉलेजचं नाव पुकारतो आणि त्या कॉलेजातून गेलेला जो कोणी खोलीत असेल तो उभा राहून कॉलेजची घोषणा ओरडतो. "एबेनेझर!" वाचणाऱ्याने पुकारलं आणि सगळं चॅपेल उठलं, "इथवर आलो!" मग त्याने विद्यापीठाचं नाव पुकारलं. ती चार पोरं एकमेकांकडे बघायला लागली. काय करायचं असतं ते त्यांना ठाऊक नव्हतं.

आणि लुव्हेनियाने पाहिलं होतं, की एबेनेझरची हाक आली तेव्हा त्या चौघांच्या मागच्या बाकावरून ड्रुसिला उठून उभी राहिली होती. सवयीने. तिचा आवाज सगळ्यांच्या वर गेला होता. म्हणजे आवाजसुद्धा तिचाच मोठा, लुव्हेनियाच्या मनात आलं.

पण पुढची वीस मिनिटं लुव्हेनियाच्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची होती. विद्यापीठाची पोरं कच्ची नव्हती. चित्रं, संगीत, ताऱ्यांचं शास्त्र त्यांनी धडाधड उचललं. पण केझाया कानाची पाळी सोडत होती आणि बझर वाजत होता. धातू, इस्राएलचे राजे, मंगोलियातली नदी, तांदळाची जात. दर वेळी ती आपलं नाव पुकारलं जाण्याची वाट पाही आणि मगच बोले. एबेनेझर वीस गुणांनी जिंकलं. लुव्हेनिया टोपी सांभाळायचं विसरून टाळ्या वाजवत होती.

ड्रुसिला बाकावरून उठली आणि टेबलाकडे यायला लागली. लुव्हेनियाने हात पुढे केला. ड्रुसिला तिच्या शेजारून सरळ पुढे गेली, केझायाकडे, आणि खाली वाकून तिच्याशी बोलायला लागली. पोरगी मान वर करून ऐकत होती. लुव्हेनियाने पुढे केलेला हात वर नेऊन टोपी सारखी केली.

आठवड्याने केझाया ग्रंथालयात आली आणि नोंदींच्या टेबलापाशी घुटमळत उभी राहिली.

"मिस लुव्हेनिया, डॉक्टर गॅड्सडेन म्हणतात जानेवारीपासून तिकडे ये. पूर्ण शिष्यवृत्ती. प्रयोगशाळेत जागा. संघातही."

"जानेवारीपासून," लुव्हेनिया म्हणाली. म्हणजे एप्रिलमध्ये नाही.

"तुमचं पत्र लागतं. माझ्याबद्दल. द्याल ना?"

"तुला जायचंय?"

"माहीत नाही. आई म्हणते, फॉर्म तर भर." केझाया कानाची पाळी ओढत होती.

"देईन हो, न द्यायला काय झालं?" लुव्हेनिया म्हणाली, आणि ते ती इतकं गोड म्हणाली की हर्मन तिथे असता तर त्याला सगळं कळलं असतं.

त्यानंतर चार दिवस ती धुमसत होती. ड्रुसिलाने कप नेला, मान नेला, चर्चमधले बाक रिकामे केले. ते सगळं लुव्हेनियाने दात आवळून सोसलं होतं. पण ही पोरगी? बझरवर बोट कसं ठेवायचं इथपासून जिला शिकवलं ती? ड्रुसिलाने गाडीतून उतरावं, वीस मिनिटं बघावं आणि उचलून न्यावं? रांधलं कोणी आणि जेवणार कोण? लुव्हेनियाचं पोट दुखत होतं, अगदी खरोखरचं, डाव्या बाजूला.

सोमवारी सकाळी ग्रंथालय उघडायच्या आधी ती एकटी संगणकासमोर बसली आणि तिने विद्यापीठाचा फॉर्म उघडला. कष्टाळू, वक्तशीर, नम्र, असं सगळं लिहिलं. मग थोडा वेळ थांबली आणि तिने लिहिलं: "आमच्या कॉलेजांच्या स्पर्धांत, म्हणजे आमच्यातल्या आमच्यात, केझाया उत्तमच आहे. मोठ्या मैदानात तिचा कितपत टिकाव लागेल याची मात्र मला खात्री देता येत नाही." तिने ते दोनदा वाचलं. यात खोटं काही नाही, असं स्वतःला सांगितलं. खात्री कशाचीच देता येत नसते. बटण दाबून ती उठली आणि रोजच्यासारखे पडदे वर केले.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. तिने तळाचा खरपूस भात केझायाला वाढला, नेहमीपेक्षा जास्त. पोरीने दोन घास खाऊन ताटली बाजूला सारली. जायच्या विचाराने मन खात असेल, असं लुव्हेनियाला वाटलं, आणि खरं सांगायचं तर तिला त्यात थोडं समाधानही वाटलं.

त्यानंतरच्या आठवड्यात एका दुपारी ड्रुसिला ग्रंथालयात आली. दोन तास गाडी चालवून, कोणाला न कळवता. तिने पर्समधून एक कागद काढला आणि टेबलावर ठेवला.

"हे तू लिहिलंस?"

लुव्हेनियाने कागदाकडे नुसतं पाहिलं. "सांभाळून लिहिलं. उगाच भरमसाट कशाला लिहायचं?"

"तिने माझ्या चौघांना लोळवलं. तू टाळ्या वाजवत होतीस. मी बघत होते तुला."

"एखादा दिवस जातो चांगला."

"व्हीनी," ड्रुसिला म्हणाली आणि समोरची खुर्ची ओढून बसली. "माझ्यावर जळतेस, जळ. तीस वर्षं जळतेस, मला त्याचं काही नाही. खोटं कशाला बोलू, मला मजाच वाटायची. पण हे तू माझ्याबद्दल लिहिलेलं नाहीस. त्या दिवशी हरून परत जाताना गाडीत मी माझ्या पोरांना म्हटलं, की मी चॅपेलमध्ये बहुतेक चुकीचं बोलले. तळघरात, एका बाईने, भात वाढून ही मुलगी तयार केली. माझ्याकडे एवढं सगळं आहे आणि असं काही नाही. तुला तसं लिहिणारही होते. तर हे आलं." तिने कागदावर बोट ठेवलं. "आमच्यातल्या आमच्यात. मी जे बोलले त्यावर तू सही करून दिलीस."

लुव्हेनियाला तोंडात मारल्यासारखं झालं. आणि मग, तीस वर्षं गोड बोलून साठवलेलं सगळं एकदम बाहेर पडलं.

"तू नेतेस तिला! सगळं तूच नेतेस! कप नेलास, लोक नेलेस. माझ्या सासूच्या मयताला आलीस तर लोक मला सोडून तुझ्या गळ्यात पडले! तुझे केस, तुझा आवाज, तुझ्या भातातलं मीठसुद्धा—"

"मीठ?"

"बरोबर असतं!" लुव्हेनिया ओरडली. "नेहमी बरोबर असतं!"

वाचायला बसलेल्या दोन मुलींनी माना वर केल्या. ड्रुसिला हसली नाही. ती उठलीही नाही. पर्स मांडीवर घेऊन बसून राहिली.

बऱ्याच वेळाने लुव्हेनियाने रुमालाने डोळे पुसले, संगणक स्वतःकडे वळवला आणि फॉर्म पुन्हा उघडला. "माझं आधीचं पत्र मी मत्सरातून लिहिलं होतं, ते रद्द समजावं," असं तिने पहिल्याच ओळीत लिहिलं. ते वाक्य लिहायला तिला जितका वेळ लागला तितक्यात एरवी तिची वीस पुस्तकांची नोंद व्हायची. पुढचं भराभर आलं. केझाया फ्रिप कोणत्याही टेबलावर, कोणाहीसमोर बसली तरी जिंकेल. ती आमच्या टेबलावर शिकली, आणि ते टेबल कोणत्याही टेबलापेक्षा लहान नाही. तिने संगणकाचा पडदा ड्रुसिलाकडे फिरवला. ड्रुसिलाने वाचलं आणि मान डोलावली.

त्या संध्याकाळी तिने हर्मनला सगळं सांगितलं, पहिल्या पत्रासकट. हर्मनने एकही थट्टा केली नाही. कप गेला, तिने मनाशी म्हटलं, पण निदान पोरीला दिलेला शब्द तरी राखला. हेवा गेला असं नाही. पण पोटातलं दुखणं थांबलं.

डिसेंबरात परीक्षा संपल्या आणि केझाया पुस्तकं परत करायला आली. लुव्हेनियाने एकेक पुस्तक उघडून आत घेतलं. सगळं झाल्यावरही पोरगी जाईना.

"मी नाही म्हणणार होते, मिस लुव्हेनिया."

"कशाला?"

"तिकडे जायला. फॉर्म मी आईच्या समाधानासाठी भरला होता. एप्रिल मला तुमच्याबरोबर खेळायचा होता. डॉक्टर गॅड्सडेनना फोन करून कसं सांगायचं, ते मी पाठसुद्धा करून ठेवलं होतं."

लुव्हेनियाच्या हातातलं पुस्तक हातातच राहिलं. "मग?"

"फॉर्ममध्ये एक चौकोन असतो. पत्र वाचायचा हक्क सोडते, अशी तिथे खूण करायची. सगळे करतात. मी केली नव्हती. तुम्ही काय लिहिता ते मला वाचायचं होतं." ती टेबलाकडे बघत बोलत होती. "म्हणून तुम्ही पाठवलंत तेव्हाच ते मलाही आलं. सोमवारी सकाळी."

सोमवारी सकाळी आलेलं पत्र म्हणजे कोणतं पत्र, हे विचारायची गरज नव्हती.

"आपला कप लहान नाही, असं तुम्ही रोज सांगायचात," केझाया म्हणाली. "मला ते खरं वाटायचं. मग म्हटलं, मिस लुव्हेनियांनाच जर ते खरं वाटत नसेल, तर मी थांबू कशाला?"

"ते खरं नव्हतं, पोरी. जळून लिहिलं मी ते. दुसरं पत्र वाचलंस ना? त्यात लिहिलंय सगळं."

"वाचलं. फार छान आहे. आईने फ्रिजवर लावलंय." तिच्या बोलण्यात राग नव्हता. प्रश्न ती असेच विचारायची. "पण ते लिहिताना डॉक्टर गॅड्सडेन समोर बसल्या होत्या ना? त्यांनी सांगितलं मला. पहिलं लिहिलंत तेव्हा कोण होतं?"

"कोणी नाही," लुव्हेनिया म्हणाली.

केझायाने टेबलाला वळसा घातला, तिला घट्ट मिठी मारली आणि ती गेली. जानेवारीत ती विद्यापीठाच्या संघात बसली आणि फेब्रुवारीत त्यांच्यासाठी दोन सामने एकटीने ओढून आणले, असं हर्मनने कुठेतरी वाचून सांगितलं.

एप्रिलमध्ये एबेनेझर पहिल्याच दिवशी बाद झालं. परतीच्या बसमध्ये पोरं हिरमुसून बसली होती. मागच्या सीटवरून त्यांच्यातला एक म्हणाला, त्या गॅड्सडेनबाईने केझायाला पळवलं नसतं तर यंदा कप आपलाच होता. दोघातिघांनी हो म्हटलं, आणि एकाने ड्रुसिलाला एक शिवीही दिली.

गेली तीस वर्षं लुव्हेनियाला ड्रुसिलाबद्दल असंच काहीतरी कोणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. ती पुढच्या सीटवर बसली होती. ती उठली, बाक धरून मागे वळली आणि पोरं गप्प होईपर्यंत थांबली.

"ड्रुसिलाने नाही पळवली," ती म्हणाली. "मी घालवली."